साडेपाच ते आठ

आमच्या गल्लीत एक घर आहे. शाळेतून आलेल्या मुली तिथे संध्याकाळी साडेपाच ते आठ बसायच्या. मी मोबाइलवर लिहिलेल्या चार ओळींमुळे त्यांचं जाणं बंद झालं. त्यातल्या एका मुलीला त्या अडीच तासांत दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत राहिलो. ते खरंही आहे. पण माहीत करून घ्यायला मला दोन घरं ओलांडून जावं लागलं असतं, आणि मी गेलो नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी नवागामला राहतो. खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता मिशा पांढऱ्या झाल्या. उधन्याच्या एका गोडाउनमध्ये साड्यांच्या पॅकिंगला आहे. साडीची घडी घालायची, घडीवर फोटो ठेवायचा, पिशवीत सरकवायची, खोक्यात भरायची. फोटो म्हणजे जाड चकचकीत कागदावर छापलेली नटी, अंगावर तशीच साडी. एखादी साडी सिनेमात गाजली की आठवड्याभरात तिच्यासारखी साडी सुरतेत निघते आणि फोटोही निघतो. दिवसभरात किती नट्या माझ्या हाताखालून जातात याची मोजदाद नाही. उरलेले फोटो बायका घरी नेतात. नवागामात असं घर विरळा, जिथे आरशाच्या फटीत किंवा कपाटाच्या दारावर एखादी साडीवाली नटी चिकटवलेली नाही.

व्हिडिओ बघायची सवय मला जेवणाच्या सुट्टीत लागली. पहिला व्हिडिओ कोणी पाठवला ते आठवत नाही. त्यात एक माणूस शांत आवाजात सांगत होता की मोठमोठे नट, गायक, पैसेवाले यांची एक गुप्त टोळी आहे, ती लहान मुलं पळवते, फार्महाऊसवर नेते. कोणत्या नटाने फोटोत एक डोळा झाकला, कोणी कसली अंगठी घातली, त्या त्यांच्या खुणा. तो शेवटी म्हणाला, "तुमच्या घरात मुलगी असेल तर झोपू नका." माझ्या घरात बारा वर्षांची मुलगी आहे. डबा तसाच राहिला. मला रडू आलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग एकामागून एक. मला कळू लागलं, असं मला वाटू लागलं. कोणती नटी मुली पुरवते, कोणता नट आजारी नाही तर लपला आहे, सगळं माझ्या तोंडावर. मी गोडाउनमध्ये शिरलो की पोरं हात जोडायची, "बोलो काका, आजे कोनो नंबर?" म्हणजे आज कोणाची पाळी. मी रागवायचो नाही. इतकी वर्षं घड्या घातल्या, मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आता विचारत होते, मग भले हसत का असेना.

बायको मात्र हसायची नाही. ती घरी साड्यांना फॉल लावते. सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "तुमचे नट-नट्या गेले चुलीत. पोरीच्या वहीवर सही मागितलीय बाईंनी, ती करा आधी."

मी सही करायचो आणि पुन्हा मोबाइल बघायचो.

आता त्या घराविषयी. तिथे एक मावशी राहते. कुणाची सख्खी मावशी नाही, गल्लीची आहे. नवरा कधीच वारला, मूलबाळ नाही. ती धागा कटिंगचं काम घेते. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात, ते लहान कात्रीने कापायचे. साड्या फिक्या रंगाच्या असल्या की खोलीभर चादर अंथरून त्यावर पसराव्या लागतात. बाहेर रस्त्याची धूळ, त्यात गिरणीच्या धुराड्यातून पडणारी काजळी. एक डाग लागला की साडी परत येते. म्हणून मावशी काम करताना दार लावून घेते. गल्लीतल्या बहुतेक आया कामाला असतात, त्यामुळे शाळेतून आलेल्या सहा-सात मुली तिच्याकडे बसायच्या. अभ्यास करायच्या, गप्पा मारायच्या, कंटाळा आला की चार धागे कापायच्या. मावशी त्यांना लिमलेटच्या गोळ्या द्यायची. माझी मुलगीही जायची. हे सगळं मला ठाऊक होतं. दार का बंद असतं तेसुद्धा मला ठाऊक होतं. मी साडीच्याच धंद्यातला माणूस.

त्या दिवशी गावाकडून पाहुणे आले म्हणून मी लवकर घरी आलो आणि मुलीला बोलवायला गेलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी कडी वाजवली तसा तो एकदम थांबला.

"कोन शे?"

"मी आहे मावशी. पोरीला पाठवा."

"थांब भाऊ, साड्या पसरेल शेतस."

आमच्या घरांत अहिराणी चालते. मी सगळ्यांना कळावं म्हणून असं लिहितो आहे, पण मावशीचं बोलणं तिचंच ठेवतो.

बराच वेळ लागला. दार हातभर उघडलं. मावशी दारात आडवी उभी, मागे मुली गप्प बसलेल्या. माझी मुलगी खाली मान घालून बाहेर आली, तोंडात गोळी. आणि मला भिंतीवर ती नटी दिसली. तीच, जिच्याविषयी मी सकाळी व्हिडिओ बघितला होता की ती मुली पुरवते. साडीचा फोटो होता तो. कदाचित माझ्याच हाताने पॅक झालेल्या गठ्ठ्यातला. पण मला त्या क्षणी साडी दिसली नाही.

वाटेत मी विचारलं, "आत काय चाललं होतं?"

"काही नाही पप्पा."

"मग एवढा वेळ का लागला?"

ती पुढे चालू लागली. मी आवाज चढवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी म्हणाली, तुम्हाला आत्ता नको सांगू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं. तो पुरुषांचाच ग्रुप आहे, पाण्याचा टँकर, नाहीतर कुणाच्या लग्नाची वर्गणी, असलं काही येतं त्यावर. मी लिहिलं: "मोठ्या लोकांच्या टोळ्या फक्त मुंबईत नसतात. दिवसाढवळ्या बंद दार, मुलींना गोळ्या, घरी सांगायचं नाही अशी ताकीद. आपल्या गल्लीतही बघा. डोळे उघडे ठेवा." खाली त्या नटीचा व्हिडिओ जोडला.

मी नाव लिहिलं नव्हतं. गरज नव्हती. गल्लीत दार लावून बसणारी बाई एकच होती.

लगेच अंगठे आले, हात जोडलेले आले. समोरच्या खोलीत राहणाऱ्या एका माणसाने लिहिलं, "भाऊ, बरोबर बोललात. असल्यांना चौकात उलटं टांगलं पाहिजे." मला बरं वाटलं. हा माणूस रात्रपाळीचा लूम कारागीर. आम्ही दोघांनी टपरीवर पुष्कळदा चहा घेतला होता, मी त्याला व्हिडिओ दाखवायचो आणि तो हळहळून च्‌ च्‌ करायचा. याच्याकडे मी पुन्हा येईन.

रविवारी चार-पाच बायका मावशीच्या घरी गेल्या. मी गेलो नाही, मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी तिचं दार उघडं टाकायला लावलं, पेटी बघितली, मुलींना काय काय विचारता म्हणून दरडावलं. मावशी ओरडली नाही. बायका गेल्यावर तिने भिंतीवरचे फोटो एकेक करून काढले. सोमवारी तिच्या घरी एकही मुलगी गेली नाही.

त्याच रविवारी बायकोला ग्रुपचं कळलं. तिने हातातली साडी बाजूला ठेवली. मुलीला दुकानावर पाठवलं आणि मग माझ्यासमोर बसली.

"त्या दिवशी तिला पहिल्यांदा पाळी आली," ती म्हणाली. "मावशीच्या घरी. मावशीने तिला धुवायला पाणी दिलं, कपडा दिला, समजावलं. आणि सांगितलं, बापाला आत्ता नको सांगू, आईला सांग संध्याकाळी, तुझ्या तोंडाने. पाहुणे गेल्यावर तिने मला सांगितलं. मी तिला शिरा करून दिला. तुम्हीही खाल्ला. विचारलं होतंत, आज शिरा कसा म्हणून."

मी म्हणालो, "मी नाव घेतलं नव्हतं."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. बायको म्हणाली, "मग आता घ्या."

मी घेतलं नाही. इथे माझा खरा अपराध आहे. ती चार ओळींची चूक अडाणीपणाची म्हणता येईल. पण त्या रविवारनंतर मला सगळं कळलेलं होतं, आणि मी आठ दिवस गप्प राहिलो. ग्रुपवर लोक मला जपून राहा, सांभाळा भाऊ, मोठी माणसं आहेत, असं म्हणत होते. आता चुकलो म्हणायचं तर त्या सगळ्या व्हिडिओंचंही काहीतरी म्हणावं लागलं असतं. मला वाटलं, निवळेल आपोआप. मुलीशी तर मी बोलूच शकत नव्हतो. ती माझ्यासमोर ताट ठेवायची आणि आत जायची.

त्या आठ दिवसांत संध्याकाळी घरी येताना मला एक मुलगी दिसायची. सहावीतली, माझ्या मुलीच्या शाळेतली. किराणा दुकानाच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. पहिल्या दिवशी वाटलं, काही घ्यायला आली असेल. दुसऱ्या दिवशीही तिथेच. दुकानदार तिला उठवायचा, मग ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. मी विचारलं, "घरी नाही का जायचं?" ती "जाते" म्हणाली आणि जागची हलली नाही.

आठव्या दिवशी मी घरात शिरता शिरता सहज बोललो, "ती पोर रोज बाहेर बसते, अभ्यास करत नाही वाटतं."

माझी मुलगी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ती मावशीकडे बसायची."

"मग घरी का नाही बसत?"

"घरी तो मामा असतो ना."

मामा म्हणजे तोच रात्रपाळीचा कारागीर. त्या मुलीच्या आईच्या नात्यातला. नवागामात एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं राहतात, एकजण कामाला गेला की दुसरा त्याच जागी आडवा होतो. त्या मुलीचे वडील गावी, आई सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात. ती सकाळी सातची बस धरते आणि साडेआठला परत येते. मामा दिवसभर झोपतो, संध्याकाळी उठतो, आठला पाळीवर जातो. मुलगी शाळेतून येते साडेपाचला.

"तिला भीती वाटते त्याच्याबरोबर थांबायला," माझी मुलगी म्हणाली. "का ते तिने मला नाही सांगितलं. मावशीला सांगितलंय. मावशी तिला म्हणाली होती, शाळा सुटली की सरळ इथे यायचं, घरी पाय ठेवायचा नाही. मावशीने तिच्या आईलाही सांगितलं होतं. आई त्याला काढणारच होती खोलीतून."

"मग?"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही ग्रुपवर टाकलं ना पप्पा. मामानेच तिच्या आईला वाचून दाखवलं. म्हणाला, असल्या बाईचं तू ऐकतेस?"

मी खाली बसलो. मला वाटलं होतं मुलगी रागावली आहे. ती रडत होती. म्हणाली, "मी पण सगळ्यांना शाळेत सांगितलं, मावशीकडे जाऊ नका, माझे पप्पा म्हणतात ती वाईट आहे. मी सांगितलं."

माझं ओझं मी बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दिलं होतं, आणि ती ते आठ दिवस एकटी वाहत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. कितीतरी दिवसांनी मी काही न बघता, काही न सांगता तिच्याजवळ बसून होतो. बायको दारात उभी होती. ती फक्त म्हणाली, "सकाळी सातच्या आधी उठा."

तिने तेवढ्यावर सोडलं नाही. लगेच जाऊन त्या मुलीला कट्ट्यावरून आमच्या घरी आणलं आणि तिची आई येईपर्यंत आपल्या पोरीशेजारी बसवलं. मुलगी आमच्याकडे जेवली. माझ्याशी बोलली नाही.

सकाळी पावणेसातला आम्ही दोघं बसच्या थांब्यावर गेलो. तिची आई डबा घेऊन उभी होती. बायकोने मला कोपराने ढोसलं.

मी म्हणालो, "ताई, मावशीबद्दल मी जे लिहिलं ते खोटं होतं."

"तुम्हीच तर लिहिलंत भाऊ."

"हो. मी काही बघितलं नव्हतं. सिनेमाच्या लोकांचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं माझं. तिच्या घरात काही वाईट नव्हतं."

ती एक पाऊल जवळ आली आणि हळू विचारलं, "मग ती माझ्या पोरीचं सांगत होती, ते?"

मी बायकोकडे बघितलं. उत्तर तिने दिलं. "ते खरं आहे ताई. तुमची पोर रोज बाहेर बसते, टाकीच्या कट्ट्यावर. तुम्ही येईपर्यंत."

बस आली. कंडक्टरने हाक मारली. ती चढली नाही. तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि बस गेली त्या दिशेला बघत म्हणाली, "मला कळत होतं. मला कळत होतं ओ. मला फक्त कोणीतरी ती बाई खोटी आहे म्हणायला हवं होतं, म्हणजे मला काही करावं लागणार नाही."

असं ती बोलली. तिचं हे बोलणं ऐकून मला वाटलं, ती माझंच सांगते आहे. दूरचे राक्षस शोधण्यात एक सोय होती. त्यांना मी कधी चहाच्या टपरीवर भेटणार नव्हतो.

त्या दिवशी ती, मावशी आणि माझी बायको तिघी मिळून पोलिस चौकीत गेल्या, महिला पोलिसांकडे. त्यानंतर तो माणूस गल्लीत दिसला नाही. पुढचं जे काही चाललं आहे ते त्या मायलेकींचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही.

मी दुपारी ग्रुपवर लिहिलं. या वेळी नाव घेऊन, माझंही आणि मावशीचंही. अंगठे आले नाहीत. एकाने विचारलं, "काका, टोळीवाल्यांनी दाबलं का तुम्हाला?" दुसऱ्याने त्यावर हसण्याचं चित्र टाकलं. तो विनोद होता की खरंच तसं वाटलं, मला कळलं नाही. मीच त्यांना शिकवलं होतं की कुणी माघार घेतली तर त्यामागे टोळी असते. मग मी दारोदार गेलो. चौदा खोल्या. काहींनी पाणी दिलं, काहींनी दारातूनच "बरं बरं" म्हटलं.

मावशीकडे सगळ्यात शेवटी गेलो. तिथे जायची भीती जास्त होती. ती जमिनीवर बसून धागे कापत होती, दार सताड उघडं. दारातल्या साडीवर काजळीचे कण पडले होते. ती एकेक कण फुंकरून उडवत होती.

"मावशी, माझं चुकलं."

"हां."

"मला माफ करा."

तिने कात्री खाली ठेवली. "दोन घर सोडीसन ऱ्हास तू. तू माले इचारं नही." तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. दोन घरं सोडून राहतोस आणि विचारलं नाहीस. मग म्हणाली, "माफी तुन्हाजोडे ठेव. तुन्ही पोरले धाड. तुन्ही उनी म्हंजे बाकीन्या येतीन."

माफी तुझ्याजवळ ठेव, पोरीला पाठव, ती आली की बाकीच्या येतील. तिचं खरं होतं. ज्याने थांबवलं, त्याचीच मुलगी आधी यायला हवी होती.

मुलगी तयार होईना. "मी कोणत्या तोंडाने जाऊ?" असं तिने अगदी बायकोसारखं विचारलं. मी म्हणालो, "माझ्या तोंडाने. मी येतो बरोबर." दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी घेतली. साडेपाचला आम्ही दोघं गल्लीतून निघालो. दोन घरांचं अंतर, पण ओट्यांवर बायका होत्या, त्या बघत होत्या, आणि माझ्या मुलीने लहानपणानंतर पहिल्यांदा माझं बोट धरलं होतं.

मावशीने तिला काही विचारलं नाही. म्हणाली, "ये व माय, हाई बाजू धर," आणि साडीचं एक टोक तिच्या हातात दिलं. मी कोपऱ्यात बसलो. पावणेसहापर्यंत कुणी आलं नाही. मग दोघी बहिणी आल्या, दारात घुटमळल्या, आत आल्या. मग आणखी एक. सहा वाजायच्या आत सात मुलींपैकी चार जमल्या. दोघींच्या आयांनी अजूनही पाठवलेलं नाही. त्यांच्या घरी मी परत जाणार आहे.

सहा वाजता ती सहावीतली मुलगी दप्तर घेऊन आली. तिची आई तिला कोपऱ्यापर्यंत सोडून उभी राहिली होती. मुलीने चप्पल काढली, आत बघितलं आणि मला बघून उंबऱ्यावरच थांबली.

मावशीच्या ते ध्यानात आलं. ती मला हळूच म्हणाली, "भाऊ, तू आते घर जाय. तू बसना ते पोरी बोलाव नहीत."

मी बसलो तर पोरी बोलणार नव्हत्या. मी उठलो. तिला आत यायला जागा व्हावी म्हणून भिंतीला लागून बाहेर पडलो. ओट्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच माझ्या मागे मावशीने दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने आतून कुणीतरी हसलं.